एका भरतीचं अंतर

माझी आई अंतर भरतीत मोजायची. दाभोळ ते गोवळकोट, एक भरती. दाभोळ ते समोरचं धोपावे, तोंडातलं पान संपेपर्यंत. मुंबई म्हणजे हवा चांगली असेल तर एक दिवस, नाहीतर देवाच्या मनात येईल तेव्हा. चिपळूणला आमच्या दारावरून एस.टी. धावू लागून कितीतरी वर्षं झाली, तरी तिच्या डोक्यातला नकाशा पाण्याचाच राहिला.

तिचं माहेर दाभोळचं. आजोबांची खाडीकाठी मंगळुरी कौलांची वखार होती. कौलं दक्षिणेतून गलबतानं यायची आणि थेट वखारीच्या दाराशी उतरायची. रस्त्याकडे उघडणारं एक दार होतं, त्याला घरात सगळे मागचं दार म्हणत. पाहुणा यायचा, टपाल यायचं, मुंबईचे पैसे यायचे, मुलगी सासरी जायची ती सगळी खाडीच्या दारानं. आई लग्न होऊन चिपळूणला आली तीसुद्धा अशीच. ओहोटी सरून पाणी फिरलं तशी वऱ्हाडाची होडी सुटली आणि ते पाणी त्यांना गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत घेऊन आलं. वल्ही नावापुरती, असं ती म्हणायची.

भरती कधी हे ती घड्याळाआधी सांगे. तिथीला तीनानं गुणायचं आणि चारानं भागायचं. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. आमच्या किनाऱ्यावर हा हिशेब कोळ्याच्या पोराला पाढ्यांच्या आधी येतो. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पानिपत शिकवलं, बक्सार शिकवलं. हा हिशेब मात्र एकदाही फळ्यावर लिहिला नाही. आई गेली आणि दोन वर्षांनी मला त्याची रुखरुख लागली. मग माघ महिन्यात धाकट्या भावाला म्हटलं, गाडी काढ. हरिहरेश्वरपासून जयगडपर्यंत जाऊ, पाच दिवस, घाई नाही. एवढ्या पट्ट्यात सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री अशा तीन मोठ्या नद्या समुद्राला मिळतात. मधे भारजा आणि जोग या लहान नद्या. महामार्गानं हा टप्पा एका दिवसात उरकतो, पण महामार्गावरून समुद्र दिसत नाही.

बागमांडल्याच्या उतारावर आम्ही पहिली वाट पाहिली. समोर वेसवी आणि त्याच्या पलीकडे बाणकोटचा डोंगर. गाड्या वाहून नेणाऱ्या या फेरीबोटीला इकडे सगळे जंगलजेटी म्हणतात. बोट लागली, फळी पडली, आधी मोटारसायकली उतरल्या, मग माशांच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या बायका, मग एक रिक्षा. खाडीत वर पाहिलं तर पुलाचे खांब उभे होते, वर काही नाही. रेवस ते रेडी असा किनाऱ्यानं जाणारा सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुले यांनी मुख्यमंत्री असताना, म्हणजे 1980च्या सुमारास मनावर घेतला. रस्त्याचे तुकडे बरेच झाले. अडलं ते खाड्यांवर.

त्या दहा-पंधरा मिनिटांत मी भावाला बाळाजी विश्वनाथाची गोष्ट सांगितली. श्रीवर्धनचे भट, देशमुखी वतन असलेले. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं आणि गाव सोडायची पाळी आली. तेव्हा ते हीच खाडी ओलांडून वेळासला आले. वेळासला भानूंचं घर. पाठ्यपुस्तकात बाळाजी विश्वनाथ एकदम साताऱ्यात शाहू महाराजांसमोर उभे दिसतात, पण त्याआधी ते एका होडीत बसले होते आणि मागे वतन सुटत होतं. बखरीत पुढची कथा अशी की सिद्दीच्या माणसांनी त्यांना अंजनवेलीला पकडून कैदेत टाकलं आणि भानूंनी पैसे चारून सोडवलं. भट भानूंना घेऊन घाटावर गेले. त्या भटांच्या घराण्यात पेशवाई आली आणि भानूंच्या घराण्यात नाना फडणवीस झाले. पुण्याच्या शंभर वर्षांच्या कारभाराचं मूळ सावित्रीच्या या पाण्यात आहे, आणि या पाण्याच्या काठी त्याची एक पाटीही मला दिसली नाही.

बाणकोटचा किल्ला लहान आहे, पण त्यावरून खाडीचं तोंड जसं दिसतं तसं दुसरीकडून दिसत नाही. 1755 साली पेशवे आणि इंग्रज मिळून तुळाजी आंग्र्यांवर उठले, तेव्हा सुवर्णदुर्गाच्या पाठोपाठ हाही पडला. पुढच्याच वर्षी तहानं तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. कोकणच्या भूमीवर इंग्रजांनी पाय रोवले ते इथे, पेशवाई बुडायच्या बासष्ट वर्षं आधी. आणि पेशव्यांनी ते आपल्या हातांनी दिलं. 1818 नंतर दक्षिण कोकणचा कारभारही काही काळ इथूनच चालला. 1822 मध्ये कचेरी रत्नागिरीला गेली आणि बाणकोट मागे पडलं ते पडलंच.

किल्ल्यावर उभं राहिलं की खाडीच्या मुखाशी पाण्याचा रंग बदललेला दिसतो. नदीनं आणलेला गाळ आणि समुद्रानं ढकललेली वाळू तिथे साचते, आणि ओहोटीच्या वेळी त्यावर लाटा फुटतात. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर जाणारे हजारो लोक खाली सावित्रीचं खोरं पाहतात. ज्या आर्थर मॅलेटचं नाव त्या कड्याला आहे, त्याची पत्नी आणि तान्ही मुलगी याच नदीच्या या तोंडाशी बुडून गेल्या. त्यांची समाधी बाणकोटला आहे. नदीच्या उगमाशी नवऱ्याचं नाव आणि मुखाशी बायकोची समाधी. भावानं गाडी सुरू करायला किल्ली लावली होती, ती तशीच ठेवून तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.

वेळासला मुक्काम केला. आता हे गाव कासवांचं म्हणून ओळखलं जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002 पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली आणि गावानं ते काम आपलं मानलं. ज्या घरात उतरलो त्या घरच्या काकींनी सकाळी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं आणि सांगितलं, पूर्वी अंडी बाजारात जायची, कोल्हे-कुत्रीही उकरायची, आता त्यांचा मुलगा पहाटे चार वाजता किनारा फिरून कासविणीची पावलं शोधतो. नाना फडणवीसांचं म्हणून दाखवतात ते ठिकाणही पाहिलं. पण खरं सांगायचं तर मला त्या मुलाच्या वहीत अधिक रस वाटला. घरटं कधी सापडलं, कुठे सापडलं, किती अंडी निघाली. रोजची नोंद, तिथीसकट.

केळशीला जाताना 2020 च्या निसर्ग वादळाच्या खुणा अजून दिसतात. 3 जूनला ते श्रीवर्धनच्या बाजूनं जमिनीवर चढलं आणि दापोलीच्या या सगळ्या किनाऱ्याला झोडपून गेलं. वाड्यांमध्ये माडांच्या रांगेत मधेच आकाश दिसतं. पोफळी नव्यानं लावल्या आहेत, पण सुपारी हातात यायला वर्षं लागतात.

केळशीतच भारजा नदीच्या मुखाशी वाळूची एक मोठी टेकडी आहे. वाऱ्यानं साचलेल्या टेकड्या किनाऱ्यावर कुठेही असतात, पण ही तशी नाही, असं डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांचं मत. त्यांनी तिच्या थरांचा अभ्यास केला आणि समुद्राच्या एका प्रचंड लाटेनं ती टाकली असावी, असं मांडलं. मग 1524 आठवतं. वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत होता. त्या सप्टेंबरात दाभोळच्या जवळपास, वारा पडलेला असताना, त्याच्या जहाजांखालचं पाणी एकाएकी हादरू लागलं. खलाशांना वाटलं जहाज खडकावर चढलं. पोर्तुगीज बखरकारांनी हा प्रसंग लिहून ठेवला. समुद्राच्या तळाशी झालेला तो भूकंप होता. टेकडीचा आणि या भूकंपाचा संबंध कुणी पूर्ण मानतील, कुणी मानणार नाहीत. मला मात्र त्या टेकडीसमोर उभं राहिल्यावर एवढं वाटलं की किनाऱ्यावरच्या गावांचा इतिहास फक्त कागदावर शोधून चालणार नाही. तो वाळूत आहे, आणि वाळू तर आपण ट्रकनं उपसतो आहोत.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला नमस्कार केला, खाली जोग नदीचा पूल पाच मिनिटांत ओलांडला आणि हर्णैला उतरलो. जुन्या काळी या पाच मिनिटांसाठी तर गाठावी लागायची. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. तरीवाला म्हणजे गावाचा वर्तमानपत्रवाला. कुणाकडे पाळणा हलला, कुणाकडे अंगण शेणानं सारवलं, हे त्याला आधी कळे. पूल झाले आणि तो माणूस कुठे गेला हे कुणी विचारलं नाही.

हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी भरला होता. होड्या बाहेर थांबतात, बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात जातात आणि मासळी वाळूवर येते. सुरमई, पापलेट, कोळंबी, म्हाकूल यांचे वाटे पडतात आणि बोली इतकी भराभर होते की परक्या माणसाला आकडा कळायच्या आत माल टोपलीत गेलेला असतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवागड, त्याच्या रक्षणाला ठेवलेले तीन पहारेकरी. कान्होजी आंग्र्यांच्या पराक्रमाची सुरुवात सुवर्णदुर्गावर झाली. 1755च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सनं तो घेतला. हा जेम्स पुढे श्रीमंत होऊन विलायतेला गेला. तो वारल्यावर त्याच्या बायकोनं लंडनजवळच्या शूटर्स हिलवर 1784 साली त्याच्या स्मरणार्थ एक तीन कोनांचा बुरूज बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग, इंग्रजी जिभेवर वळलेला. तो बुरूज अजून नीट उभा आहे आणि लोक तो बघायला जातात. आमच्या सुवर्णदुर्गाला जायला मासेमाराची होडी ठरवावी लागते.

हर्णैच्या वाळूवर बसून मी भावाला आगबोटीची आठवण करून दिली. त्याला ती आठवत नाही, मला थोडी आठवते. काळा धूर आधी दिसायचा, मग भोंगा. आगबोट धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राही, आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, म्हातारी माणसं असं सगळं पडावातून तिच्यापर्यंत न्यायचं. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी दंड धरून उचलून घेई. आई म्हणायची, त्या क्षणी बाईमाणसानं लाजायचं नसतं, हात घट्ट धरायचा असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी या किनाऱ्यानं नेमानं धावू लागल्या आणि रत्नागिरी जिल्हा मुंबईला बांधला गेला. गिरणगाव भरलं ते या बोटींनी. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास लिहिताना सूत, भांडवल, संप यांवर प्रकरणं असतात; दाभोळ, हर्णै, जयगड या बंदरांवर एक तरी असायला हवं. पुढे परक्या कंपनीच्या मक्तेदारीला तोंड द्यायला आपल्या लोकांनी भागभांडवल जमवून स्वतःची कंपनी काढली, तिला सगळे माझी आगबोट कंपनी म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावं होती. 1927च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात गेल्या. 17 जुलै 1947 ला, स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं असताना, ‘रामदास’ मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आमच्या घरात ‘रामदास’ हे नाव पुढे कुणी मुलाला ठेवलं नाही.

तरीही लोक आगबोटीनंच जात राहिले, कारण दुसरा मार्ग नव्हता. पावसाळ्यात तर आमच्या बंदरांची आगबोटही बंद. जूनला समुद्राला कुलूप लागायचं ते नारळी पौर्णिमेनंतर उघडायचं. या कुलुपाची किंमत काय होती ते मुरुडला कळतं. हर्णैपासून अगदी जवळ हे दापोलीचं मुरुड, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. 1875च्या पावसाळ्यात सतरा वर्षांचे कर्वे आणि त्यांचे सोबती परीक्षेला बसण्यासाठी मुरुडहून साताऱ्याला पायी निघाले. परीक्षा मुंबईतही होती, पण समुद्र बंद. पाठीवर सामान, डोक्यावर पाऊस, वर कुंभार्ली घाट, शंभरावर मैल, चार दिवस. पोहोचल्यावर परीक्षकांनी कर्व्यांकडे पाहिलं आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठवलं. त्यांनी आत्मचरित्रात हे लिहिलं आहे. मी वर्गात ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगत असे. मुरुडच्या त्या सरळ, स्वच्छ, दुतर्फा वाड्यांच्या रस्त्यावर उभी राहिले तेव्हा मला ती भूगोलाची वाटली. उघड्या समुद्राच्या दिवसांत ती मुलं पडावात बसली असती आणि मुंबईला उतरली असती.

दाभोळला आम्ही अष्टमीच्या दुपारी पोहोचलो. आजोबांची वखार आता नाही. जागेवर एक सिमेंटचं घर आहे, त्याचं दार रस्त्याकडे आहे.

दाभोळबद्दल लिहायचं तर कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. बहमनी सुलतानांच्या काळात हे कोकणातलं सर्वांत मोठं बंदर होतं. अरबस्तानातून, इराणातून घोडे इथे उतरत आणि वाशिष्ठीच्या खोऱ्यातून कुंभार्ली घाटानं वर कऱ्हाडकडे, पुढे बिदर-विजापूरकडे जात. घाटावरचं कापड, धान्य उलट वाटेनं खाली येई. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरून बहमनी राज्य हिंडला, आणि 1470च्या दशकाच्या आरंभी परत जायला जहाजात चढला तो दाभोळला. येताना त्याच्याजवळ विकायला एक घोडा होता. हिंदुस्थानात घोड्याला भाव येतो असं त्यानं ऐकलं होतं, आणि घोड्यापायी त्याला किती मनस्ताप झाला ते त्यानं लिहून ठेवलं आहे.

मग 1508. मार्चमध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा याचा मुलगा लोरेन्सू मारला गेला. त्याला मारणारे इजिप्तचं आणि गुजरातचं आरमार. बाप सुडाला निघाला तो दीवकडे, पण वाटेत दाभोळ लागलं. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत त्यानं दाभोळ जाळलं. बायका, मुलं, गुरं काही ठेवलं नाही. पुढे फेब्रुवारी 1509 मध्ये त्यानं दीवची लढाई जिंकली आणि इतिहासाच्या पुस्तकांत ती लढाई मोठी झाली. दाभोळ त्या पुस्तकांत एका ओळीत येतं, तेही आल्मेइदाच्या वाटेवरचं गाव म्हणून. मी ती ओळ वर्षानुवर्षं वाचून दाखवली आणि वर्गात एकदाही म्हटलं नाही की हे माझं आजोळ आहे.

धक्क्याजवळ शाही मशीद आहे, विजापूरच्या वळणाची, मोठा घुमट आणि चार मिनार. सांगतात की विजापूरची एक शहजादी मक्केला जायला इथे आली, समुद्र सुरक्षित नाही म्हणून तिला थांबावं लागलं, आणि यात्रेसाठी आणलेलं द्रव्य तिनं मशिदीवर खर्च केलं. हे बांधकाम दाभोळ जळाल्यानंतरचं, म्हणजे जळालेलं बंदर पुन्हा उभं राहिलं होतं. मला या कथेतला तो थांबण्याचा भाग फार खरा वाटतो. या किनाऱ्यावर राजाच्या मुलीलाही समुद्र उघडेपर्यंत बसावं लागतं.

वरच्या अंगाला चंडिकेचं देऊळ आहे, गुहेतलं. आत वाकून जायचं, तेलाच्या दिव्याच्या उजेडात. आई सासरी जाताना इथे ओटी भरून निघाली होती. मी ओटी भरली. भाऊ बाहेर उन्हात थांबला होता. मी आले तर म्हणाला, “ताई, इथून धोपावं तर समोर दिसतंय. गाडीनं रस्त्यानंच जायचं तर किती पडेल?”

मी म्हटलं, “दापोली, खेड, चिपळूण करून गुहागर. शंभरावर किलोमीटर सहज.”

“आणि पाण्यातून?”

“आई काय म्हणायची?”

तो हसला. त्याला आठवलं.

2003 साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. त्याआधी माणसं लॉन्चनं जात, पण गाडी जात नसे. या भागात अशी गाड्यांची फेरी पहिल्यांदा इथेच आली आणि मग इतर खाड्यांवर. बोटीत आमच्या शेजारी एक म्हातारे मामा उभे होते, पूर्वी गोवळकोटच्या लॉन्चवर कामाला असलेले. पाण्याकडे बघत म्हणाले, आज भांग, पाण्याला जोर नाही. उधाणाला हीच बोट वाकडी चालवावी लागते. अष्टमीला चढ-उतार थोडा असतो आणि पौर्णिमा-अमावस्येला मोठा, हे मला पुस्तकातून माहीत होतं. ते त्यांनी बोटीच्या कठड्यावर तळहात ठेवून ओळखलं.

पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड. बाळाजी विश्वनाथांच्या कैदेची बखरीतली जागा हीच. खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत या तटावरून दिसे, म्हणून आदिलशाही, सिद्दी, आंग्रे, पेशवे सगळ्यांना तो हवा होता. त्याच कारणानं एन्‍रॉनला 1990च्या दशकात वीज प्रकल्पासाठी शेजारची जागा हवी झाली. खोल पाणी, मोठी जहाजं आणता येतील असा किनारा. प्रकल्पाला नाव मात्र पलीकडच्या काठाचं दिलं, दाभोळ. आंदोलनं झाली, लाठ्या पडल्या, कंपनी बुडाली, वीजगृह दुसऱ्यांच्या हाती गेलं, आणि आता द्रवरूप वायू घेऊन जहाजं येतात. मंगळुरी कौलांपासून इथपर्यंत, खाडीचं तोंड ज्याच्या हाती त्याच्या हाती व्यापार, हे काही बदललेलं नाही.

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी हे मी थोडक्यात सांगते. किनारा सुंदर आहे, देवळं जागती आहेत, हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी उसळून वर येतं ते जरूर पाहावं. तवसाळहून पुन्हा फेरीबोट आणि पलीकडे जयगड. एका बाजूला जुना तट, दुसऱ्या बाजूला नवं बंदर आणि वीजगृहाची चिमणी. तिथे जेवलो आणि माघारी फिरलो, कारण मला पाचव्या दिवशी दुसरीकडेच पोहोचायचं होतं.

दशमीला दुपारी चारच्या पुढे आम्ही गोवळकोटच्या धक्क्यावर आलो. आमच्या घरापासून हे ठिकाण इतकं जवळ की मी वर्षानुवर्षं तिथे गेले नव्हते. वर गोविंदगड, पायथ्याशी करंजेश्वरी. खाली काळा चिखल, खारफुटी आणि झिजलेल्या पायऱ्या. एकेकाळी इथे गलबतं आणि लॉन्च लागत, हमालांचा ओरडा असे, चिपळूणच्या पेठेचा सगळा माल इथून चढे. रस्ता आला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि दरम्यान नदी गाळानं भरत गेली. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजगृहातून उतरून वाशिष्ठीला मिळतं, त्यामुळे उन्हाळ्यातही ही नदी आटत नाही. पण तळ वर आला. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या घरात छातीभर पाणी होतं. त्या रात्री माळ्यावर बसून आईनं विचारलं होतं, “तिथी कोणती?” आम्हाला वाटलं भ्रमात बोलते आहे. ती भरतीचा हिशेब करत होती. समुद्र भरतीला असेल तर नदीचं पाणी बाहेर निघत नाही, तटून राहतं, आणि पूर किती वेळ टिकेल हे त्यावर ठरतं. त्या रात्री पौर्णिमा जवळ आलेली होती. तिनं बोटं मोजली आणि अमक्या वेळी उतरू लागेल असं सांगितलं. आम्ही कुणी ऐकलं नाही.

मी पायरीवर बसले. दशमी, तीन दाहे तीस, भागिले चार, साडेसात. पण ते खाडीच्या तोंडाशी. आत यायला पाण्याला आणखी वेळ लागतो. किती, ते आईनं कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. भाऊ खालच्या पायरीवर गेला आणि त्यानं नारळाचं एक सोडण पाण्यात टाकलं. ते थोडा वेळ जागच्या जागी फिरलं. मग हळूच चिपळूणच्या दिशेनं, उताराच्या उलट, निघालं. भावानं घड्याळ पाहिलं. मी पिशवीतून वही काढली आणि त्यात तिथी, वेळ आणि कितव्या पायरीला पाणी आहे ते लिहिलं.